म्हैस गावात, दूध मुंबईत

परदेशाची मदत हा विषय निघाला की आपल्याकडे दोन तट पडतात. एक म्हणतात, बाहेरून पैसा आणि यंत्रे आल्यावाचून आपली शेती सुधारायची नाही. दुसरे म्हणतात, दुसऱ्याच्या दारचे घेतले की मिंधेपण आलेच. दोघांच्याही म्हणण्यात थोडेबहुत तथ्य आहे. पण नुसत्या वादाने कुणाचेच समाधान होत नाही. त्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेले एखादे उदाहरण घ्यावे आणि वाण्याची वही तपासावी तसे ते तपासावे: काय आले, कुणी दिले, कशासाठी दिले आणि शेवटी शेतकऱ्याच्या पदरात काय पडले. असे एक उदाहरण मुंबईच्या दुधाचे आहे. गिरगावातल्या किंवा लालबागच्या चाळीत सकाळी चहात पडणाऱ्या दुधामागे खेड्यातला शेतकरी आहे, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्या दुधामागे न्यूझीलंड, डेन्मार्क आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थाही काही काळ उभ्या होत्या, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. आज ती हकीकत सांगायची आहे.

प्रथम जुनी मुंबई डोळ्यांपुढे आणा. त्या काळी शहराचे दूध शहरातच निघत असे. वस्तीला लागून म्हशींचे तबेले होते. गिरगावापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या गवालिया टँकचे नाव तिथे गवळी आपली गुरे धुवायला आणीत त्यावरून पडले, असे सांगतात. तबेलेवाला गुजरातेतून, पंजाबातून चांगली दुभती म्हैस विकत आणी. ती आगगाडीने मुंबईला येई. येथे वैरण विकतची, जागा भाड्याची, पाणी मोजून. म्हैस दूध देत होती तोवर हा खर्च परवडे. ती आटली की पुढच्या वेतापर्यंत तिला पोसणे कुणालाच परवडत नसे. मग ती खाटकाकडे जाई. तिचे रेडकू तर त्याआधीच हेळसांडीने मेलेले असे.

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहा. गावातली उत्तमातली उत्तम म्हैस, जिच्या पोटी पुढे चार-पाच चांगल्या पारड्या जन्माला यायच्या, ती एका वेतासाठी मुंबईला जायची आणि तिथेच संपायची. म्हणजे मुंबई नुसते दूध पीत नव्हती, खेड्याचे बियाणेच खात होती. जोंधळ्याचे निवडलेले कणीस पेरणीसाठी न ठेवता दळायला काढावे, त्यातलाच हा प्रकार. परळला १८८६ पासून मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आहे. जनावरांचे शास्त्र शिकवणारी ही जुनी संस्था शहराच्या ऐन मध्यावर, आणि त्याच शहरात चांगल्या वाणाची अशी नासाडी, ही विसंगती जाणत्यांना दिसत होती. उपायही दिसत होता. म्हैस गावातच राहावी, तिथल्या चाऱ्यावर जगावी, तिथेच विणावी. शहरात यावे ते फक्त दूध. बोलायला हे सोपे आहे. पण दूध म्हणजे काही गहू नव्हे. उन्हाळ्यात काढलेले दूध चार-सहा तासांत नासते. ते शेकडो मैलांवरून आणायचे तर गार करायला हवे, तापवून निर्जंतुक करायला हवे, वेळेवर गाडीत चढवायला हवे. यंत्रे हवीत, शिकलेली माणसे हवीत आणि भांडवल हवे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत दुधाची टंचाई आणि भेसळ फार वाढली. सरकारने १९४५ साली मुंबई दूध योजना सुरू केली. खेडा जिल्ह्यातील आणंद येथून सुमारे सव्वाचारशे किलोमीटरवरून मुंबईला दूध आणण्याचे ठरले. ते गोळा करून पाठवण्याचे काम पोल्सन या खाजगी डेअरीकडे गेले. दूध मुंबईला पोहोचले, ग्राहकाला मिळाले, ठेकेदाराला नफा झाला. पण ज्याच्या गोठ्यातून दूध निघाले त्याच्या दरात फरक पडला नाही. तेव्हा सरदार पटेलांच्या सल्ल्याने आणि मोरारजी देसाईंच्या अध्यक्षतेखाली ४ जानेवारी १९४६ रोजी समरखा गावी शेतकऱ्यांची सभा भरली. आपली सहकारी संस्था काढायची आणि सरकारने तिच्याकडूनच दूध घेतल्याशिवाय कुणालाही दूध घालायचे नाही, असे ठरले. पंधरा दिवस मुंबईला तिकडचे दूध मिळाले नाही. अखेर सरकार नमले. १४ डिसेंबर १९४६ रोजी खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाची नोंदणी झाली. त्रिभुवनदास पटेल त्याचे धुरीण होते. हाच संघ पुढे अमूल या नावाने घरोघर पोहोचला. १९४८ च्या जूनमध्ये त्याने मुंबईसाठी दूध पाठवायला आरंभ केला, तेव्हा ते दिवसाला अवघे अडीचशे लिटरच्या आसपास होते.

एक योगायोग येथे सांगण्यासारखा आहे. या संघाची नोंदणी होण्याच्या तीनच दिवस आधी, ११ डिसेंबर १९४६ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाने युनिसेफ ही बालकांसाठीची संस्था स्थापन केली. युद्धाने होरपळलेल्या युरोपातील मुलांना दूध आणि कपडे पुरवावेत, हा तिचा मूळ हेतू. त्या वेळी या दोन संस्थांना एकमेकींचे नावही माहीत असण्याचे कारण नव्हते. दहा वर्षांच्या आत त्यांची गाठ पडली. ती कशी पडली, हे समजून घेण्यासारखे आहे.

म्हशीचे दूध वर्षभर सारखे नसते, हे गावकरी श्रोत्यांना सांगायला नको. हिवाळ्यात दूध भरपूर, उन्हाळ्यात कमी. आणंदकडे हिवाळ्यातले दूध उन्हाळ्याच्या दुपटीच्या घरात जाई. मुंबईची मागणी मात्र बारमाही सारखी. त्यामुळे हिवाळ्यात मुंबई म्हणे, आम्हांला एवढे दूध नको. मग जास्तीच्या दुधाचे करायचे काय? त्याचे लोणी आणि भुकटी करून ठेवता आली, तर शेतकऱ्याचे सगळे दूध वर्षभर घेता येईल. पण भुकटीचा कारखाना फार खर्चाचा. शिवाय त्या काळी परदेशी तज्ज्ञांचे मत असे, की गाईच्या दुधाची भुकटी होते, म्हशीच्या दुधाची फवाऱ्याच्या पद्धतीने व्हायची नाही. आणंदचे अभियंते हरिचंद दलाया यांना हे पटले नाही. रंग मारायचा फवारा आणि हवा तापवायचे एक साधन एवढ्यावर त्यांनी मुंबईत प्रयोग करून म्हशीच्या दुधाची भुकटी पाडून दाखवली, अशी हकीकत डॉ. वर्गीस कुरियन सांगत असत. हे कुरियन १९४९ साली आणंदला आले आणि तिथलेच होऊन गेले.

प्रयोग सिद्ध झाल्यावर यंत्रांचा प्रश्न आला. युनिसेफने यंत्रे देण्याचे मान्य केले. न्यूझीलंडच्या सरकारनेही कोलंबो योजनेखाली हातभार लावला. राष्ट्रकुलातील देशांनी १९५० साली कोलंबो येथे जमून आशियातील देशांच्या विकासासाठी एकमेकांना साहाय्य करण्याचे ठरवले, तीच ही कोलंबो योजना. भुकटी करण्याची यंत्रविद्या डेन्मार्कची. ३१ ऑक्टोबर १९५५ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते आणंदच्या या डेअरीचे उद्घाटन झाले.

युनिसेफने घातलेली अट मात्र ध्यानात ठेवण्यासारखी आहे. यंत्रांच्या मोबदल्यात पैसे परत मागितले नाहीत. यंत्रांच्या किमतीच्या दीडपट किमतीचे दूध त्या भागातील गरजू मुलांना फुकट वाटायचे, एवढीच अट होती. म्हणजे देणाऱ्याला आपले उद्दिष्ट साधल्याचे समाधान, घेणाऱ्याला आपण फुकट घेतले नाही ही मनाची उभारी, शेतकऱ्याच्या दुधाला बाजार, आणि मुलांच्या पोटात दूध. एका व्यवहारात चौघांचे भले झाले. त्याच सुमारास आपल्या कित्येक शाळांतून परदेशी भुकटीचे दूध मुलांना वाटले जाई. त्यानेही मुलांना आधार दिलाच. पण डबा संपला की ते दूध संपे. यंत्र आले तिथे दुधाचा झरा लागला.

आता मुंबईकडे वळू. शहरातल्या म्हशी बाहेर हलवाव्यात म्हणून गोरेगावला आरे वसाहत वसवण्यात आली. ४ मार्च १९५१ रोजी पंडित नेहरूंनी तिचे उद्घाटन केले. तिचे कर्ते पुरुष दारा खुरोदी. यांनी आणखी एक युक्ती काढली, तिचा उपयोग परळ-लालबागच्या गिरणी कामगाराला थेट झाला. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सुमारे सात टक्के. एवढे घट्ट दूध महाग पडते आणि लहान मुलाला पचायलाही जड. त्यात लोणी काढलेल्या दुधाची भुकटी आणि स्वच्छ पाणी प्रमाणात मिसळले, तर स्निग्धांश तीन टक्क्यांवर येतो आणि इतर पोषक भाग मात्र टिकून राहतो. हिशेब करून पाहा: एक लिटर म्हशीच्या दुधात सुमारे शंभर ग्रॅम भुकटी आणि सव्वा लिटरच्या आसपास पाणी घातले, की सव्वादोन लिटरहून थोडे अधिक दूध होते. यालाच टोन्ड दूध म्हणतात. १९४६ साली ते प्रथम मुंबईत तयार झाले. गवळी पाणी घाली तेव्हा ती भेसळ होती. येथे पाण्याबरोबर पोषणही परत घातले जात होते आणि ग्राहकाला ते सांगून, स्वस्तात विकले जात होते. तीन पाळ्यांच्या गिरणीत राबणाऱ्याच्या घरी दूध आतापर्यंत चहापुरतेच येई. ते मुलाच्या पेल्यापर्यंत जाण्याची सोय त्यामुळे झाली.

टोन्ड दुधाला लागणारी भुकटी आरंभी बाहेरच्या देशांतूनच येत असे. १९६० नंतरच्या काळात वरळीला मोठी डेअरी उभी राहिली. तिलाही युनिसेफचे साहाय्य झाले. आरेमध्ये न्यूझीलंड हॉस्टेल नावाची जागा आहे, ते नाव त्या जुन्या संबंधांची आठवण करून देते. काचेच्या बाटल्यांतले आरेचे दूध, पहाटे केंद्रासमोरची रांग आणि हातातले दुधाचे कार्ड हे दादर-गिरगावच्या जुन्या पिढीच्या आठवणीत पक्के बसले आहे. १९६३ साली खुरोदी, कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल या तिघांना मिळून मॅगसेसे पुरस्कार देण्यात आला. खुरोदी आणि कुरियन यांचे फारसे जमत नसे, हे जाणकारांना माहीत आहे. एकाला शहराच्या ग्राहकाची काळजी, दुसऱ्याला खेड्यातल्या उत्पादकाची. पण दूध या दोघांनाही लागत होते, आणि दोघांच्या ओढाताणीतूनच मुंबईचा दूधधंदा घडला.

यानंतरचा टप्पा सर्वांत मोठा, आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत शिकवणारा. ३१ ऑक्टोबर १९६४ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणंदला आले. आदल्या रात्री ते अजरपुरा नावाच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी मुक्कामाला राहिले होते. आणंदमध्ये जे झाले ते देशभर व्हावे, असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९६५ साली राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ स्थापन झाले. पण भांडवल कुठून आणायचे?

त्या वेळी पश्चिम युरोपातील सहा देशांच्या आर्थिक समूहात एक वेगळीच अडचण होती. तिथल्या सरकारांनी शेतकऱ्यांना चांगला भाव बांधून दिला होता, त्यामुळे दूध वाजवीपेक्षा जास्त झाले. लोण्याचे आणि भुकटीचे डोंगर साचले. हा माल कुठेतरी काढावा लागणार, हे उघड होते. तो स्वस्तात किंवा फुकट भारतात ओतला गेला असता, तर मुंबईची डेअरी शेतकऱ्याचे दूध कशाला घेती? आणंदचा भाव एका मोसमात कोसळला असता. कुरियन यांनी हा धोका ओळखला आणि त्याचीच संधी केली. त्यांनी सुचवले, की ही भुकटी आणि लोण्याचे तूप जागतिक अन्न कार्यक्रमामार्फत आम्हांला दान द्या. आम्ही ते फुकट वाटणार नाही. शहरातल्या डेऱ्यांत त्याचे दूध करू आणि बाजारभावाने विकू. येणारा पैसा खेड्यांत गुंतवू.

हीच ऑपरेशन फ्लड योजना, आपण जिला दुधाचा महापूर म्हणतो ती. १९७० साली ती सुरू झाली. पहिल्या टप्प्यासाठी १ लाख २६ हजार टन भुकटी आणि ४२ हजार टन बटर ऑइल देणगी म्हणून यायचे ठरले. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास ही चार शहरे दूध देणाऱ्या अठरा प्रदेशांशी जोडायची होती. दानाच्या विक्रीतून आलेल्या पैशाने डेऱ्या, शीतकरण केंद्रे, टँकर, पशुखाद्याचे कारखाने आणि कृत्रिम रेतनाची केंद्रे उभी राहिली. मुंबईत कुर्ल्याची मदर डेअरी याच योजनेतून आली. पुढे जागतिक बँकेचे कर्जही मिळाले. तीन टप्प्यांत ही योजना १९९६ पर्यंत चालली. तोवर देशात सत्तर हजारांहून अधिक गावांत दूध संस्था झाल्या होत्या.

परदेशी धान्यही आपल्याकडे याच काळात आले. अमेरिकेच्या पी.एल. ४८० कायद्याखाली आलेल्या गव्हाची जहाजे मुंबई बंदरात उतरत, आणि मिलो नावाची तांबडी ज्वारी रेशनच्या दुकानांतून घेतलेल्या म्हाताऱ्या माणसांना तिची चव अजून आठवते. त्या धान्याने दुष्काळात माणसे जगवली, त्याचे उपकार नाकारू नयेत. पण ते खाल्ले आणि संपले. दुधाच्या योजनेत आलेला माल विकून पाट काढला गेला. म्हणून मदत किती आली याच्याइतकेच, ती कशात रुजली, हे विचारावे लागते.

आपल्या महाराष्ट्रात याचे फळ कुठे दिसते? कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ, आपण ज्याला गोकुळ म्हणतो तो, १९६३ साली स्थापन झाला आणि ऑपरेशन फ्लडच्या आधाराने वाढला. आज मुंबईच्या नाक्यानाक्यावर त्याची पिशवी मिळते. पंचगंगेच्या काठची म्हैस आपल्या गोठ्यातच राहते आणि तिचे दूध रातोरात दादरला येते. जी गोष्ट तबेल्यांच्या काळी स्वप्नातली वाटे, ती अशी साध्य झाली.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातील उरुळीकांचनचे. महात्मा गांधी १९४६ साली तिथे निसर्गोपचाराचे केंद्र काढून मणिभाई देसाई यांना मागे ठेवून गेले. मणिभाईंनी १९६७ साली बाएफ ही संस्था काढली. परदेशांतील उत्तम वळूंचे वीर्य गोठवून आणायचे, उणे १९६ अंश तपमानाच्या द्रव नत्रात ते टिकवायचे आणि कार्यकर्त्याने शेतकऱ्याच्या दारी जाऊन गावठी गाईचे रेतन करायचे, असा तो उपक्रम. गाय दवाखान्यात न्यायची म्हणजे शेतकऱ्याचा एक दिवस बुडतो. कार्यकर्ताच दारात आला तर काम होते. परदेशाने वीर्य दिले, निधी दिला, पण शेतकऱ्याच्या दारात जाण्याची पद्धत मणिभाईंची होती. १९८२ साली त्यांनाही मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

येथवर सगळे गोड सांगितले. आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हिशेब पुरा होणार नाही. ऑपरेशन फ्लडवर १९८० नंतर मोठी टीका झाली. टीकाकारांचे म्हणणे असे, की शहरातल्या डेऱ्यांना परदेशी भुकटीची सवय लागली आहे. खेड्यातून दूध गोळा करण्याच्या खटाटोपापेक्षा पोते फोडून पाण्यात मिसळणे त्यांना सोपे जाते. ज्यांच्याकडे जनावर आणि चारा आहे त्यांनाच योजनेचा लाभ होतो, भूमिहीनाला नाही, असाही आक्षेप होता. गावातले दूध बाहेर गेले की गावच्याच मुलाला ताक मिळेनासे होते, ही तक्रार तर आपण आजही ऐकतो. सरकारने १९८४ साली लक्ष्मीकांत झा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. टीका पूर्ण खरी होती असे नाही, पण ती झाली हे चांगलेच झाले. दानाच्या वस्तूची चटक लागू नये, यावर कुणाचा तरी डोळा असावाच लागतो.

संकरित गाईचेही तसेच. ती दूध जास्त देते हे खरे. पण तिला हिरवा चारा, भरपूर पाणी आणि सावली लागते, आणि उन्हाळा तिला सोसत नाही. बागायतीत ती लाभते. माणदेशात किंवा मराठवाड्यात टँकरच्या पाण्यावर ती जगवणे म्हणजे कर्जाला आमंत्रण. त्या मुलखाला खिल्लार, देवणी, लाल कंधारी आणि पंढरपुरी म्हैस यांनीच पिढ्यान् पिढ्या साथ दिली. बाहेरचे वाण आणताना घरचे वाण राखण्याकडे आपले दुर्लक्ष झाले, आणि ही चूक परदेशाच्या माथी मारता येत नाही.

आता आजचे पाहू. १९५०-५१ साली देशाचे दूध उत्पादन सुमारे १ कोटी ७० लाख टन होते. २०२३-२४ साली ते २३ कोटी ९० लाख टनांच्या आसपास गेले. ही सारी वाढ परदेशी मदतीने झाली असे म्हणणे चूक. गोठा झाडणाऱ्या, धार काढणाऱ्या बायाबापड्यांचे श्रम त्यामागे आहेत. तरी पहिला धक्का द्यायला मदत उपयोगी पडली, हे मान्य करावे लागते. भुकटी मागणारा देश आता भुकटी विकणारा झाला आहे. पण म्हणून शेतकऱ्याची काळजी संपली का? १६ जुलै २०१८ रोजी दूध उत्पादकांनी मुंबईचे दूध अडवले, हे आठवत असेल. जगात भुकटीचे भाव पडले होते, डेऱ्यांकडे साठा पडून होता आणि गावात दुधाला उत्पादनखर्चही सुटत नव्हता. लिटरमागे पाच रुपये अनुदानाची मागणी होती. चार दिवसांनी सरकारने पंचवीस रुपये दर मान्य केला. म्हणजे १९४६ साली जे शस्त्र खेड्यातल्या शेतकऱ्याने उचलले, तेच बहात्तर वर्षांनी आपल्या शेतकऱ्याला उचलावे लागले. यंत्रे आली, टँकर आले, तरी भाव कोण ठरवणार हा प्रश्न जागच्या जागी आहे.

आणखी एक गंमत पाहा. नोव्हेंबर २०१९ मध्ये आशिया-पॅसिफिक देशांच्या आर.सी.ई.पी. नावाच्या व्यापारी करारातून भारत बाहेर राहिला. न्यूझीलंडची स्वस्त भुकटी आली तर आमचा दूधधंदा मोडेल, ही शेतकऱ्यांची भीती त्यामागे मोठे कारण होती. ज्या न्यूझीलंडने १९५५ साली डेअरी उभारायला हात दिला, त्याच्याच मालाची भीती! यात न्यूझीलंडने काही विश्वासघात केला असे नव्हे. साहाय्य हा एक व्यवहार, व्यापार हा दुसरा. देश आपापल्या शेतकऱ्याचे हित पाहतात, आणि आपणही पाहावे, यात गैर काही नाही.

दीर्घकाळच्या सहकार्याचा आणखी एक प्रकार आपल्या राज्यात आहे, त्याची फारशी वार्ता होत नाही. हैदराबादजवळ पाटणचेरू येथे १९७२ पासून इक्रिसॅट ही आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था आहे. ज्वारी, बाजरी, हरभरा, तूर आणि भुईमूग ही कोरडवाहू पिके तिचा विषय. तिच्या अभ्यासकांनी १९७५ साली सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर आणि कलमण, तसेच अकोला भागातील कानझरा आणि किनखेड अशी गावे निवडली. तिथल्या घराघरांतून पेरा, मजुरी, कर्ज, जनावरे यांची नोंद वर्षानुवर्षे घेतली गेली. एका वर्षाच्या पाहणीत चांगला पाऊस भेटला तर सारे छान दिसते, आणि दुष्काळ भेटला तर सारे भकास. चांगली-वाईट अनेक वर्षे एकाच गावाबरोबर काढल्यावरच कोरडवाहू शेतकरी जोखीम कशी सांभाळतो, हे कळू लागते. पेरणी ते काढणी एवढाच ज्यांचा धीर असतो, अशा मदतगारांच्या हाती ही गोष्ट लागत नाही.

तर या साऱ्यातून आपण काय घ्यावे? गावात उद्या एखादी संस्था, देशी असो वा विलायती, योजना घेऊन आली, तर तिला चार गोष्टी खुशाल विचाराव्यात. तुम्ही गेल्यावर हे कोण चालवणार? येणारा पैसा खाऊन संपेल, की कशात गुंतेल? आमचा माल विकताना तुमच्या मालाशी त्याची स्पर्धा होणार का? आणि हिशेबाची वही कुणाच्या हातात राहील? आणंदच्या शेतकऱ्याने आधी आपली संस्था बांधली, मग परक्याचे यंत्र आत घेतले. यंत्र आधी आले असते, तर ते ठेकेदाराच्या दारी बसले असते.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. वर्गात हा धडा शिकवायला पुस्तक लागत नाही. गावच्या दूध संस्थेत मुलांना सकाळी घेऊन जा. फॅट लावताना पाहू द्या. फॅटप्रमाणे भाव कसा ठरतो, ते मुलांनीच गणिताने काढावे. मग शहरातल्या पिशवीवरची किंमत सांगा आणि मधला फरक कुठे कुठे जातो, ते त्यांनाच शोधू द्या: वाहतूक, शीतकरण, पिशवी, दुकानदार, संघ. घरी गेल्यावर मुलगी आईला विचारील, आपल्याला लिटरमागे किती मिळतात? त्या आईने कदाचित हा हिशेब कधी मागितला नसेल. उद्या ती संस्थेच्या सभेत जाऊन तो मागू शकेल, आणि तिच्या मागण्याला उत्तर द्यावे लागेल, कारण सहकारी संस्थेत ती सभासद आहे. नसेल, तर आधी तिचे नाव सभासदांच्या यादीत घाला. गोठ्यातले काम तिचे असताना पासबुकावर नाव मात्र नवऱ्याचे, ही आपल्याकडची रीत बदलायला कुठल्याही परदेशाची मदत लागत नाही.